ट्यूमर मार्कर वाढला म्हणजे आजार उलटला का?

सुरंगी_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या वहिनीला (वय ५२) स्तनाचा कर्करोग झाला होता. दुसरी स्टेज, काखेतल्या दोन गाठींत पोचलेला, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला). ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं मुंबईला झालं, त्यालाही आता दोन वर्षं उलटून गेली. रोज लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे आणि ठरलेल्या वेळी तपासणीला जाणं. बाई ठणठणीत आहे. आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला स्वतः बसते, कोणाचं ऐकत नाही.

मध्यंतरी इथे एका हॉलमध्ये तपासणी शिबिर झालं. एका खाजगी लॅबने 'फुल बॉडी' पॅकेज स्वस्तात ठेवलं होतं आणि त्यात 'कॅन्सर मार्कर'ही होते. भाऊ मोठ्या हौसेने तिला घेऊन गेला. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला : सीए १५-३ छत्तीस, नॉर्मल तीसपर्यंत. छत्तीसचा आकडा ठळक लाल अक्षरात. तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. भावाने पेट स्कॅनसाठी (शरीरभर आजार शोधणारा स्कॅन) कोल्हापूर आणि गोवा दोन्हीकडे फोन केलेत. वहिनी काही बोलत नाही, पण रात्री उठून ओटीवर बसलेली असते.

मला एवढंच कळून घ्यायचंय की रक्ताच्या अशा तपासणीवरून आजार परत येणार की नाही हे खरंच सांगता येतं का? आणि येत असेल तर तिच्या डॉक्टरांनी ही तपासणी एकदाही का लिहून दिली नाही? पेट स्कॅन आत्ताच करावा का? कोणी 'लिक्विड बायोप्सी' करा असंही सुचवलंय. ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

पाणकावळा

ताई, आधी एक सांगा. वहिनींना काही त्रास होतोय का? सतत एकाच जागी हाड दुखणं, न थांबणारा खोकला, वजन उतरणं, भूक जाणं, कावीळ, नवी गाठ? यातलं काही नसेल तर आज रात्री सगळ्यांनी जेवून घ्या.

सुरंगी_वेंगुर्ला

यातलं काहीच नाही. गुडघे आणि बोटांचे सांधे सकाळी धरतात, पण ते गोळी सुरू झाल्यापासूनच आहे. वजन उलट वाढलंय.

डॉ_रानमेवा

सुरंगीताई, मी कर्करोगाचंच काम करतो, सध्या रत्नागिरी जिल्ह्यात. वहिनींना तपासल्याशिवाय त्यांच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण तपासणीबद्दल सविस्तर लिहितो.

सीए १५-३ म्हणजे म्यूक-वन नावाच्या प्रथिनाचा रक्तात सुटलेला अंश. हे प्रथिन निरोगी पेशींवरही असतं, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर जास्त. त्यामुळे आजार शरीरभर पसरलेला असेल तर बहुतेकींमध्ये आकडा वाढतो. पण पहिल्या स्टेजला दहातल्या एखादीतच वाढलेला सापडतो, म्हणजे आकडा नॉर्मल असला तरी 'काही नाही' असं म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, कर्करोग नसताना तो वाढण्याची कारणंही पुष्कळ. लिव्हरचे आजार हे त्यातलं मोठं कारण, स्तनाच्या साध्या गाठी आणखी एक. तीसची रेघ ओलांडून छत्तीस होणं हे या कारणांनी सहज घडतं. आजार पसरल्यावर दिसणारे आकडे पुष्कळदा शंभराच्या पुढे असतात आणि मुख्य म्हणजे ते दर वेळी चढत जातात. एका सुट्या आकड्यावरून चढ की उतार ते समजत नाही.

डॉक्टरांनी ही तपासणी का लिहिली नाही? विसरले म्हणून नव्हे. उपचार पूर्ण झालेल्या, काही त्रास नसलेल्या बाईला दर वेळी मार्कर, पेट किंवा बोन स्कॅन करू नये, असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा डॉक्टरांनी विचारपूस करून हाताने तपासायचं, आणि दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. इतकंच.

पेट स्कॅन लगेच करू नका. आधी तिच्या डॉक्टरांना फोन करा, रिपोर्ट पाठवा, पुढची तारीख अलीकडे आणता येते का विचारा. आपल्याकडे पेटमध्ये जुन्या टीबीचे डागही चमकतात. मग त्या डागाची बायोप्सी, तिचा रिपोर्ट येईपर्यंतची वाट बघणं, असा एक वेगळाच फेरा मागे लागतो.

मालवणी_खाजा

माका एक सांगा, आकडो वाढलो म्हणजे रोग परत इलो असा नाय ना? आमच्या शेजारच्या काकींचो आकडो असोच वाढलो होतो. सगळी रडून रडून अर्धी झाली. मगे कळला, लिवराचा दुखणा. आता काकी पयल्यासारखी पहाटे उठान शेणगोठो करता. वयनीक म्हणा, घाबरा नको गो बाय.

सुरंगी_वेंगुर्ला

@मालवणी_खाजा, तुमचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, 'त्यांना सांग, माझा गोठा रिकामा आहे, म्हैस पाठवा.'

लॅबमधला_माणूस

मी कुडाळकडचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, मी फक्त आमच्या टेबलावरून दिसणारं सांगतो.

पहिली गोष्ट, सीए १५-३ मोजणारी मशीनं आणि किट वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एका लॅबमध्ये २८ आणि दुसरीकडे ३४ आला, म्हणजे सहाने वाढला असं होत नाही. आज एका काट्यावर आणि उद्या दुसऱ्या काट्यावर सुरमई तोलून ती वाढली की घटली हे ठरवण्यासारखं ते आहे. परत करायचीच असेल तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीवर.

दुसरं, वहिनी केसांसाठी काही गोळ्या घेतात का? केमोनंतर केस यावेत म्हणून पुष्कळ बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात आणि ते कुणालाच सांगत नाहीत. काही मशीनची सगळी रसायनं बायोटिनवर बेतलेली असतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर निकाल चुकतो, आणि अशा मार्करमध्ये तो बहुधा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियंत्रक संस्था) २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. थायरॉइडचे रिपोर्टही याने बिघडतात. तेव्हा रक्त द्यायला आलात की सगळ्या गोळ्यांची नावं सांगा, अगदी 'ताकदीची' म्हणून घेतलेलीसुद्धा.

तिसरं लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितोच. पॅकेजमध्ये मार्कर घातले की पॅकेज खपतं. लाल आकडा घेऊन घरी गेलेल्या माणसाला तो समजावून सांगायला मात्र तिथे कोणी बसलेलं नसतं. हे मला पटत नाही आणि मी आमच्या मालकांनाही तसं सांगितलंय.

कातळसडा

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये.

माझ्या आईला २०१६ साली हाच आजार झाला. उपचारानंतर आमचे फॅमिली डॉक्टर दर सहा महिन्यांनी सीए १५-३ करायचे. तो लागोपाठ तीनदा वाढत गेला म्हणून स्कॅन केला, तर मांडीच्या हाडात आजार सापडला. तोवर आईला काहीच दुखत नव्हतं. वेळेत रेडिएशन मिळालं, हाड मोडलं नाही. आमच्या घराच्या पायऱ्या जांभ्याच्या, उंच. ती त्यावरून पडली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. 'त्रास सुरू होईपर्यंत थांबा' हे पुस्तकात ठीक आहे. ज्याच्या घरात हे घडलंय त्याला ते पटणार नाही.

डॉ_रानमेवा

@कातळसडा, राग कसला. तुमच्या आईचं हाड वाचलं हे फार चांगलं झालं आणि मार्करमुळे आजार आधी कळला हेही खरं. मार्कर काही जणींमध्ये लक्षणांच्या काही महिने आधी वाढतो, यात वाद नाही.

वाद पुढच्या प्रश्नावर आहे. आधी कळल्याने बाई जास्त जगते का? हे पडताळायला इटलीत दोन मोठे अभ्यास झाले. एकात १३२० बायका, दुसऱ्यात १२४३. निम्म्यांना नुसती साधी तपासणी आणि मॅमोग्राफी, निम्म्यांना ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरेही. दोन्ही १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकात तर पसरलेला आजार जास्त तपासण्या केलेल्या गटात लवकर सापडलाही. मृत्यू मात्र दोन्ही गटांत सारखेच. आजार कळल्याची तारीख अलीकडे आली, म्हणून 'कळल्यानंतर किती जगली' तो काळ कागदावर लांबला. शेवटची तारीख होती तिथेच राहिली.

तुमच्या आईसारख्या एखादीला फायदा होतो. पण त्याच वेळी सुरंगीताईंच्या वहिनींसारख्या कितीतरी जणी विनाकारण रात्री जागतात. सूचना लिहिणाऱ्यांना दोन्ही बघावं लागतं.

कातळसडा

सर, १९९४ चे अभ्यास आज का धरायचे? तेव्हाची औषधं कुठे, आजची कुठे.

डॉ_रानमेवा

हा मुद्दा अगदी रास्त आहे. म्हणूनच जर्मनीत 'सर्व्हाइव्ह' नावाचा अभ्यास सुरू झालाय. तीन हजारांहून जास्त बायका, अर्ध्यांना नेहमीचा फॉलोअप, अर्ध्यांना ठरावीक काळाने रक्तातून ट्यूमर मार्कर, शिवाय कर्करोगाच्या पेशी आणि त्यांचा डीएनए. मार्कर वाढला तर स्कॅन. आजच्या औषधांच्या काळात याने जीव वाचतो का, हे त्यातून ठरेल. निकाल तुमच्या बाजूने लागला तर सूचना बदलतील आणि मी पहिला बदलेन.

निवडुंग

मला दोघांचंही पटतंय, पण एक राहून जातंय. माहिती माझ्या शरीराची आहे. डॉक्टरांनी 'तुला काळजी वाटेल म्हणून करू नको' असं म्हणणं मला आवडत नाही. मी शिक्षिका आहे, काळजी कशी सोसायची ते मला कळतं. आकडा बघून काय करायचं हे आधी समजावून सांगा आणि मग मला ठरवू द्या.

तुतारीची_प्रवासी

@निवडुंग, तुमचं म्हणणं मला कळतं, कारण मी या प्रश्नाच्या पलीकडच्या काठावर आहे. माझा आजार चौथ्या स्टेजचा आहे, हाडं आणि लिव्हर. मार्कर माझ्या फाइलमध्ये नेहमी असतो.

माझ्यासारखीला त्याचा उपयोग होतो. औषध बदललं की मधूनमधून सीए १५-३ बघतात, स्कॅन ठरलेल्या वेळीच. आकडा उतरत असेल तर डॉक्टर मान हलवून 'चालू ठेवू' म्हणतात. पण तिथेही एकट्या आकड्यावर कोणी औषध बदललेलं नाही. नवीन औषध सुरू झालं तेव्हा पहिल्या महिन्यात माझा आकडा उलट चढला होता. मी हादरले. डॉक्टर म्हणाले, औषधाने पेशी फुटतात तेव्हा सुरुवातीचे चार-सहा आठवडे असं होऊ शकतं, थांबा. पुढच्या वेळी तो उतरलेला होता.

फायलीत मी रिपोर्टचा आकडा लिहून ठेवत नाही. दुखतंय किती, जिना चढता येतो का, जेवण जातं का, हे मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिते. डॉक्टर आधी ते पान उघडतात.

सुरंगीताई, वहिनींना सांगा, रात्री ओटीवर एकट्या बसू नका. मला इथे निरोप पाठवा, मी जागीच असते.

सुरंगी_वेंगुर्ला

तुमचं वाचून डोळे भरून आले. वहिनीने तुमचा आयडी लिहून घेतलाय.

पाणकावळा

अवांतर : तुतारी एक्सप्रेसने जाणाऱ्यांनो, दादरला उतरलं की परळला जायला सोपं पडतं, कोकणकन्या सीएसएमटीपर्यंत जाते. परळला बरोबरच्या माणसाची राहायची सोय होत नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तिथे टाटाचे पेशंट असतात, पण जागेसाठी आधी चौकशी करावी लागते.

रातांबा

आणि चिपळूण-सावर्ड्याकडच्यांनी डेरवणचं वालावलकर रुग्णालय विसरू नये. सगळ्याच गोष्टींसाठी मुंबई गाठावी लागत नाही. सिंधुदुर्गातले कितीतरी लोक बांबोळीला गोवा मेडिकलला जातात. आमच्या बांद्याहून तर मुंबईपेक्षा तेच जवळ.

पाणकावळा

बांद्याहून सगळंच जवळ असतं रातांबा, फक्त मुंबई आणि तुमचे नातेवाईक सोडून :)

पुण्यातली_राजापूरकर

मी कर्करोगावर प्रयोगशाळेत संशोधन करते, डॉक्टर नाही. 'लिक्विड बायोप्सी'बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या एका नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या येतात.

एक म्हणजे रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मोजणं. साडेसात मिलिलिटर रक्तात, म्हणजे दीड चमचाभर रक्तात, अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर पसरलेल्या आजाराचा पुढचा प्रवास अवघड असतो, हे २००४ मध्येच दाखवलं गेलं. भाकीत म्हणून ते पक्कं होतं. मग पुढची पायरी आली : पहिल्या केमोनंतरही पेशी कमी झाल्या नाहीत तर लगेच केमो बदलून बघायची. अमेरिकेत तसा अभ्यास झाला, २०१४ मध्ये निकाल आला. लवकर केमो बदललेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. भाकीत खरं ठरलं, पण ते बदलायला हातात तितकं चांगलं दुसरं औषध नव्हतं. माझ्या मते या सगळ्या धाग्याचा गाभा इथे आहे. रक्ताने काय होणार ते सांगितलं, तरी त्यावर करण्याजोगं काही असलं तरच त्या सांगण्याला किंमत.

दुसरी तपासणी म्हणजे गाठीतल्या मरणाऱ्या पेशींमधून रक्तात आलेला डीएनए. तो रक्तात तास-दोन तासच टिकतो, त्यामुळे आजची स्थिती दाखवतो. इथे गोष्ट पुढे सरकली आहे. लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असताना काही जणींच्या पसरलेल्या आजारात ईएसआर-वन या जनुकात बदल होतो आणि गोळी निकामी होऊ लागते. तो बदल रक्तात सापडतो. अशा बायकांसाठी इलासेस्ट्रंट नावाच्या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि तिच्याबरोबर रक्ताच्या तपासणीलाही. २०२५ मध्ये सेरेना-६ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. स्कॅनमध्ये आजार वाढायच्या आधीच, फक्त रक्तात बदल दिसला म्हणून गोळी बदलली, तर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ सुमारे ९ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्याने एकूण आयुष्य वाढतं का, याचं उत्तर त्या अहवालात अजून नव्हतं.

पण हे सगळं पसरलेल्या आजारातलं. उपचार संपलेल्या, त्रास नसलेल्या बाईत डीएनए शोधून काय होतं? ब्रिटनमध्ये ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-टू दोन्ही निगेटिव्ह) प्रकारात तसा प्रयत्न झाला. ज्यांचं रक्त पॉझिटिव्ह आलं म्हणून औषध द्यायला घेतलं, त्यांतल्या बहुतेकींचा आजार स्कॅनमध्ये आधीच पसरलेला निघाला. रक्तानेही उशीरच केला होता. तंत्र आता आणखी बारीक झालंय, अभ्यास चालू आहेत, मी स्वतः आशा धरून आहे. पण सुरंगीताई, आज भावाने कर्ज काढून ही तपासणी करू नये.

निवडुंग

@पुण्यातली_राजापूरकर, 'त्यावर करण्याजोगं काही असलं तरच किंमत' हे मला पूर्ण मान्य नाही. माझी मैत्रीण गेली. तिला सहा महिने आधी कळलं असतं तर तिने मुलीचं लग्न मे ऐवजी डिसेंबरात केलं असतं. औषध नसलं तरी करण्याजोगं पुष्कळ असतं.

पुण्यातली_राजापूरकर

हे मी डोळ्यांआड केलं नव्हतं, पण इतक्या स्पष्टपणे लिहिलंही नव्हतं. तुमचं बरोबर आहे. माझी विनंती एवढीच, की हे 'माहीत हवं' असं बाईने स्वतः म्हणावं. शिबिरातल्या पॅकेजने तिच्यासाठी ते ठरवू नये.

निवडुंग

हे मान्य.

जायफळ

एक शंका. आमच्या ग्रुपवर फिरतंय की साध्या सीबीसीवरूनही (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) कळतं. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशी) भागायचं आणि तीनच्या वर आलं की वाईट. मी घरातल्या सगळ्यांचं काढून बसलोय.

डॉ_रानमेवा

@जायफळ, भागाकार बंद करा आणि कागद ठेवून द्या. हजारो बायकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर हे गुणोत्तर जास्त असलेल्या गटाचा परिणाम सरासरीने वाईट दिसतो, इतकं खरं. पण साधा ताप, दाताचा गळू, स्टेरॉइडची गोळी, यानेही ते वर जातं. त्यावरून एका बाईचं काही ठरवत नाहीत, उपचारही बदलत नाहीत. ज्यांना आजारच नाही त्यांच्यासाठी तर तो प्रश्नच नाही.

रातांबा

मग मुलींनी रक्त तपासून घ्यावं का? माझ्या मावशीला चाळिशीच्या आत झाला होता, आजीलाही होता म्हणतात.

डॉ_रानमेवा

ही रक्ताची वेगळी तपासणी, आणि तुमच्या घरात तिचा विचार जरूर करावा. बीआरसीए-वन आणि टू या जनुकांतला जन्मजात दोष त्यात बघतात. स्तनाच्या कर्करोगात साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणींत असा आनुवंशिक दोष असतो. शक्य असेल तर आधी मावशीची तपासणी करावी. तिच्यात दोष सापडला तर मग घरातल्या बाकीच्यांची. जेनेटिक समुपदेशकाशी बोलून करा. इथे निकालावर करण्यासारखं खरंच काही आहे : लवकर एमआरआय सुरू करणं, काही जणींत ऑपरेशन, काही जणींत वेगळी औषधं.

आशाताई_दापोली

मी आशा कार्यकर्ती आहे. एवढं शिकलेलं सगळं वाचलं, आता माझं ऐका.

आमच्याकडे बायका मार्करमुळे नाही, लाजेमुळे उशिरा येतात. गाठ दुखत नाही म्हणून पदराखाली झाकून ठेवतात. कोणाला सांगायचं तर 'गणपती होऊंदेत', मग 'भातकापणी होऊंदे', मग शिमगा. एका बाईची गाठ मी पाहिली तेव्हा वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि तिने वर हळद लावून फडकं बांधलं होतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. शिबिर घ्यायचंच तर पडद्याआड एक शिकलेली नर्स बसवा, जी हाताने तपासेल. त्याला सुईसुद्धा लागत नाही.

पुण्यातली_राजापूरकर

आशाताई, तुमच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांहून अधिक बायकांवर हाच अभ्यास केला. शिकवलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये वीस वर्षांचा निकाल आला : तपासणीत आजार लवकरच्या स्टेजला सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.

सुरंगी_वेंगुर्ला

मंडळी, कळवायला उशीर झाला. मुंबईच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी तारीख अलीकडे दिली, जाऊन आलो. हाताने सगळं तपासलं, मॅमोग्राफी ठीक आहे. लिव्हरचे रिपोर्ट जरा वर होते म्हणून सोनोग्राफी केली, त्यात फॅटी लिव्हर निघालं. पेट नको म्हणाले. मार्करही पुन्हा करायला सांगितला नाही.

भावाचं समाधान झालेलं नाही. तो म्हणतो, एकदा तीसच्या खाली दिसू दे म्हणजे झोप लागेल. मी त्याला हा अख्खा धागा वाचायला दिलाय. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ वेगळ्याच गोष्टीवर घालवला. त्यांनी विचारलं, गोळी रोज घेता का? तेव्हा वहिनीने सांगितलं की सांधे फार धरतात म्हणून अधूनमधून आठ-आठ दिवस सोडते. आम्हाला घरात कुणाला पत्ता नव्हता!

डॉ_रानमेवा

तुमच्या डॉक्टरांनी योग्य जागी बोट ठेवलं. हार्मोन पॉझिटिव्ह आजार पाच वर्षांनंतर, अगदी पंधरा-वीस वर्षांनीही परत येऊ शकतो, आणि तो धोका ही गोळी खरोखर कमी करते. सांधेदुखीसाठी चालणं आणि हलका व्यायाम नेमाने करा. तरी सोसवत नसेल तर त्याच वर्गातली दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेन असे पर्याय आहेत, डॉक्टरांना विचारून बदलता येतात. मनाने बंद करू नका. या गोळीने हाडं विरळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला नसेल तर तो करून घ्या. फॅटी लिव्हरसाठीही वजन उतरवणं हेच औषध.

तुतारीची_प्रवासी

वहिनींना सांगा, मी गोळीची वेळ रात्रीच्या मालिकेशी बांधली होती. आणि सकाळी बोटं धरली की कोमट पाण्यात बुडवून ठेवा, बरं वाटतं.

मालवणी_खाजा

ह्या सगळा वाचून धीर झालो म्हणान विचारतंय. माझ्या सासूच्या उजव्या बाजूक गाठ लागता. शिमग्यापासून आसा म्हणता, दुखना नाय म्हणान कोणाक बोलली नाय. घोव म्हणता, आधी रक्त तपासूया, मार्कर बरो इलो तर चतुर्थी झाल्यावर बघूया. तसा केला तर चलात?

आशाताई_दापोली

नाही चालणार. चतुर्थीची वाट बघू नका. सासूबाईंना मीही फोन करते, नंबर निरोपात पाठवा.

डॉ_रानमेवा

@मालवणी_खाजा, मार्कर नॉर्मल आला तरी गाठीबद्दल काही कळणार नाही, म्हणून तो करूच नका. याच आठवड्यात सर्जनकडे जा. तीन गोष्टी व्हायला हव्यात : हाताने तपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि गाठीतून सुईने काढलेला तुकडा, म्हणजे कोअर बायोप्सी. बायोप्सीने आजार पसरतो ही भीती मनातून काढा. आणि कोणी 'आधी गाठ काढून टाकू, मग बघू' म्हणालं तर बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगा. पुष्कळ गाठी साध्या निघतात. कर्करोग निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (हार्मोनच्या खुणा) आणि हर-टू तपासतात, आणि पुढचा उपचार त्यावर ठरतो.

मालवणी_खाजा

घोवाक वाचून दाखवलंय. गप बसलो, मगे म्हणालो सोमवारी रजा काढतंय. सासू म्हणता, नर्स बाई असात तर येतंय.

लॅबमधला_माणूस

जाताना सासूबाईंचं रेशनकार्ड आणि आधार दोन्ही घ्या. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले योजनेसाठी तेच मागतात. नाव दोन्हीकडे सारखं आहे का ते आजच बघून ठेवा, आमच्याकडे निम्मे लोक तिथेच अडकतात. बायोप्सीचा तुकडा कुठल्या लॅबला गेला त्याची पावतीही जपून ठेवा. दुसरीकडे दाखवायचं झालं तर तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचा (स्लाइड) त्या पावतीवरच परत मिळतात.